“सर, फक्त उत्तर सांगा ना”

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: “मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. रोज संध्याकाळी पाचवी ते दहावीची दहा-बारा मुलं माझ्याकडे गृहपाठ घेऊन बसतात. एकाचं गणित, दुसरीचं विज्ञान, तिसऱ्याचा इतिहास, आणखी कुणाचं व्याकरण. मी उत्तरं सांगतो, मुलं उतरवून घेतात, वह्या पूर्ण होतात. पण चाचणीत तोच प्रश्न आकडे बदलून आला की पान कोरं. मला सगळे विषय नीट येत नाहीत म्हणून असं होतंय का? एकट्याने सगळ्या विषयांचे प्रश्न कसे घ्यावेत?”

सगळे विषय येत नाहीत, हे कारण नाही. मी २४ वर्षं गणित शिकवलं आणि त्यातली बरीच वर्षं संध्याकाळी असाच सगळ्या विषयांचा गृहपाठ घेतला. मुलं माझ्याकडून गणितापेक्षा भूगोल जास्त चांगला शिकली, असं आता मागे वळून बघताना दिसतं. भूगोल मला बेताचाच येत होता, त्यामुळे मी पटकन उत्तर देऊ शकत नव्हतो. मुलाला विचारावं लागायचं, “तुला काय वाटतं? का वाटतं?” गणितात मात्र प्रश्न अर्धा ऐकला की माझं उत्तर तयार, आणि तिथेच घोटाळा व्हायचा.

मुलाने विचारलेला प्रश्न वेगळा आणि ते जिथे अडलंय ती जागा वेगळी. पहिल्याचं उत्तर दिलं की वही भरते. दुसरी सापडली नाही तर चाचणीत पान कोरं राहणार, मग शिकवणारा पीएचडी झालेला का असेना.

ही जागा शोधायला माझ्याकडे दोन-तीनच युक्त्या होत्या. “समजलं का?” हा प्रश्न मी सोडून दिला, कारण त्याला सगळी मुलं “हो” म्हणतात. त्याऐवजी “कुठपर्यंत कळलं, तिथे बोट ठेव” असं म्हणायचं. दुसरं, प्रश्न मोठ्याने वाचायला लावायचा. दर चार प्रश्नांमागे एक तरी नुसत्या वाचण्याने सुटतो, कारण “पेक्षा” किंवा “उरलेल्या” हा शब्द मुलाने गिळलेला असतो. आणि तिसरं, खोडरबर बंद. चुकलं तर एक आडवी रेघ मारायची आणि खाली पुन्हा लिहायचं. खोडलेल्या कागदावर मला काहीच दिसत नाही, रेघ मारलेल्या कागदावर मूल कुठून कुठे गेलं ते सगळं दिसतं. पालकांना वह्या घाणेरड्या दिसायच्या आणि तक्रारी यायच्या. येऊ द्यायच्या.

सहावीतल्या एका मुलीचं सांगतो. गणित होतं १/२ + १/३. तिचं उत्तर २/५, म्हणजे वरचे वर मिळवले, खालचे खाली. आता यावर ठरलेलं उत्तर आपल्याला पाठच असतं: छेद समान कर, लसावि ६, म्हणून ३/६ + २/६ = ५/६. तिने मान डोलावली, उतरवून घेतलं आणि पुढच्या गणितात १/४ + १/५ = २/९ लिहिलं. चूक ‘छेद समान करायचे असतात’ हे विसरण्याची नव्हतीच. अपूर्णांक म्हणजे एक संख्या आहे, हेच तिच्या मनात नव्हतं. तिच्या दृष्टीने ते वर-खाली लिहिलेले दोन सुटे आकडे होते.

मग ३० सेंटिमीटरची पट्टी घेतली. “याचा अर्धा भाग किती?” पंधरा. “तिसरा भाग?” दहा. “आणि दोन पंचमांश?” हे तिने बोटांवर मोजून काढलं: तीसचा पाचवा भाग सहा, दोन भाग म्हणजे बारा. मी म्हटलं, “पंधरात दहा मिळवले आणि बारा झाले?” ती पट्टीकडे बघत राहिली आणि मग स्वतःच म्हणाली, “पंचवीस व्हायला पाहिजेत.” तीसपैकी पंचवीस म्हणजे ५/६, हे तिथे पट्टीवरच होतं. समच्छेद हा शब्द मी त्यानंतर काढला. आता तिला त्याची गरज होती, म्हणून तो टिकला. या सगळ्याला सात-आठ मिनिटं लागली. नुसतं उत्तर सांगायला अर्धं मिनिट लागलं असतं, पण ते महिनाभर रोज सांगावं लागलं असतं.

यातून गणितापुरती एक सवय मी सगळ्यांना लावली: उत्तर आलं की आधी ते शक्य आहे का ते बघायचं. अर्ध्यात भर घालून अर्ध्याहून कमी येत नाही. बापाचं वय मुलापेक्षा कमी येत नाही. मुलांची संख्या साडेसात येत नाही.

गणितात आणखी एक जागा अशी आहे की तिथे आपलंच शिकवणं आडवं येतं. कंचेभागुबेव. कंस, ‘चे’, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी, हा क्रम आपण सगळ्यांनी घोकला. आता मुलाला १० − ४ + ३ द्या. बेरीज आधी म्हणून तो ४ + ३ = ७ करतो, दहातून सात वजा, उत्तर ३. बरोबर उत्तर ९. बेरीज आणि वजाबाकी एकाच पायरीवरच्या आहेत, त्या डावीकडून उजवीकडे जशा येतील तशा करायच्या असतात. भागाकार-गुणाकाराचंही तसंच आहे, पण तिथे भागाकार आधी उरकला तरी उत्तर बिघडत नाही, म्हणून ही चूक वर्षानुवर्षं लपून राहते आणि वजाबाकीत बाहेर येते. असा प्रश्न आला की मुलाला “नियम वाच” म्हणून उपयोग नाही. त्याने नियमच पाळलेला असतो! “तुझ्याकडे दहा गोट्या होत्या, चार गेल्या, मग तीन आल्या” एवढं म्हटलं की झालं.

“नियमच आहे तसा” हे उत्तर मीही खूप वर्षं दिलं. ऋण गुणिले ऋण धन का, असं विचारलं की हेच. मग एकदा एका मुलाला नुसती रांग लिहायला लावली: ३ × (−२) = −६, २ × (−२) = −४, १ × (−२) = −२, ० × (−२) = ०. “उत्तरं कशी चाललीत?” दर वेळी दोनाने वाढतायत. “मग पुढची ओळ लिही.” त्याने (−१) × (−२) लिहिलं, थोडं थांबला आणि समोर २ मांडले. ही काही काटेकोर सिद्धता नव्हे, पण सातवीतल्या मुलाला नियम आकाशातून पडलेला नाही एवढं पटायला पुरते.

आणि आता माझी फजिती. एका संध्याकाळी मी निघायच्या गडबडीत, चपला घालतोय, आणि दारात एका मुलाने विचारलं, “जाताना ताशी ४० किलोमीटर, येताना ताशी ६०. सरासरी वेग किती?” मी म्हटलं, “पन्नास.” दुसऱ्या दिवशी पाच वह्यांत पन्नास. अंतर १२० किलोमीटर धरा. जायला तीन तास, यायला दोन. एकूण २४० किलोमीटर, पाच तासांत. सरासरी ताशी ४८. कमी वेगाने जाताना जास्त वेळ रस्त्यावर घालवलेला असतो, म्हणून सरासरी चाळीसच्या बाजूला झुकते. पाचही जणांना समोर बसवून मी सांगितलं की काल मी चुकलो, आणि कुठे चुकलो तेही फळ्यावर दाखवलं. त्यानंतर मुलं माझी उत्तरं तपासायला लागली. सुरुवातीला जरा लागलं, पण मला हवं होतं ते हेच होतं, हे नंतर कळलं. तेव्हा तुम्हाला येत नसेल तर “मला माहीत नाही, चल बघू” म्हणताना अजिबात संकोच करू नका. फक्त ‘चल बघू’ मात्र खरं करा, उद्यावर ढकलू नका.

विज्ञानाकडे येऊ. इथे अर्धी अडचण विज्ञानाची नसतेच, प्रश्न काय मागतोय ते न कळण्याची असते. ‘शास्त्रीय कारणे लिहा’, ‘फरक स्पष्ट करा’, ‘टीप लिहा’ हे तीन निरनिराळे हुकूम आहेत. मुलं तिन्हींना एकच उत्तर देतात: त्या विषयावरचं जे आठवेल ते.

शास्त्रीय कारणाचं उदाहरण घ्या. बर्फ पाण्यावर तरंगतो, का? मुलगा लिहितो, “कारण बर्फ हलका असतो.” त्याला विचारा, “एक किलो बर्फ आणि एक किलो पाणी, जड काय?” तो गडबडतो, आणि गडबडलाच पाहिजे. पाणी गोठताना त्याचं आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढतं. वस्तुमान तेवढंच, जागा जास्त, म्हणून घनता कमी. बर्फाची घनता दर घनसेंटिमीटरला सुमारे ०.९२ ग्रॅम, पाण्याची सुमारे १. कमी घनतेची वस्तू जास्त घनतेच्या द्रवावर तरंगते, म्हणून बर्फ तरंगतो. ही माझी तीन पावलांची सवय: या वस्तूचं काय होतं, नियम काय, म्हणून काय. तिन्ही पावलं नसतील तर उत्तर अर्धवट. पहिलं पाऊल मुलं गाळतात, तिसरं प्रश्नातूनच उतरवतात आणि दुसऱ्याच्या जागी ‘हलका’सारखा शब्द ठेवून देतात. फ्रीजरमध्ये काठोकाठ भरून ठेवलेली काचेची बाटली का तडकते, हे त्याला आता विचारा. तेच पहिलं पाऊल आहे. तो सांगेल.

‘फरक स्पष्ट करा’ मध्ये वेगळीच गंमत. वस्तुमान आणि वजन. मुलगी डाव्या रकान्यात लिहिते, “वस्तुमान किलोग्रॅममध्ये मोजतात.” उजव्या रकान्यात लिहिते, “चंद्रावर वजन कमी होते.” दोन्ही वाक्यं खरी आहेत आणि तरी हा फरक नाही, कारण एक वाक्य एककाबद्दल आहे, दुसरं जागेबद्दल. प्रत्येक ओळीला दोन्ही बाजूंचा मुद्दा एकच हवा. एकक: किलोग्रॅम, न्यूटन. जागा बदलली तर: बदलत नाही, बदलतं. मी मध्ये एक बारीक रकाना आखायला लावायचो आणि त्यात मुद्द्याचं नाव लिहायला सांगायचो. मग आकडा द्यायचा: ६० किलो वस्तुमानाच्या माणसाचं पृथ्वीवर वजन सुमारे ५८८ न्यूटन, चंद्रावर त्याच्या सहाव्या भागाइतकं, म्हणजे सुमारे ९८. वस्तुमान दोन्हीकडे ६० किलोच. रोजच्या बोलण्यात आपण ‘वजन ६० किलो’ म्हणतो, म्हणून हा गोंधळ होतो. तेही मुलांना सांगून टाकावं. आपल्या जिभेमुळे झालेला गोंधळ त्यांच्या डोक्यावर कशाला मारायचा?

एककांबद्दल एकच: उत्तराच्या शेवटी एकक ‘जोडायला’ सांगू नका, पहिल्या ओळीपासून आकड्याबरोबर चालवायला सांगा. ताशी ७२ किलोमीटर म्हणजे ७२,००० मीटर ३,६०० सेकंदांत, म्हणून सेकंदाला २० मीटर. असं दोनदा लिहिलं की ५/१८ ने गुणायचं की भागायचं हा प्रश्न पडत नाही.

विज्ञानात सगळ्यात चिवट चुका त्या, ज्या मुलाला पटलेल्या असतात. ‘उन्हाळा का होतो?’ “पृथ्वी सूर्याच्या जवळ जाते म्हणून.” हे कुणी शिकवलेलं नसतं, शेकोटीजवळ गेलं की गरम होतं या अनुभवावरून मुलाने स्वतः काढलेलं असतं. म्हणून नुसतं “चूक, अक्ष २३.५ अंशांनी कलला आहे म्हणून” असं सांगितलं तर ते वहीत जातं आणि डोक्यात जुनंच राहतं. त्याचं म्हणणं खरं धरून पुढे चाला. “ठीक आहे, पृथ्वी जवळ गेली. मग सगळ्या पृथ्वीवर एकदम उन्हाळा हवा ना? पण उत्तर गोलार्धात उन्हाळा असतो तेव्हा दक्षिणेत हिवाळा असतो.” इथे त्याची पहिली वीट हलते. मग सांगा की पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते जानेवारीच्या सुरुवातीला, सुमारे १४ कोटी ७० लाख किलोमीटरवर. सर्वांत दूर जुलैच्या सुरुवातीला, सुमारे १५ कोटी २० लाखांवर. म्हणजे उत्तर गोलार्धात उन्हाळा असतो तेव्हा आपण उलट लांब असतो! हे ऐकून मूल तोंडाचा आ करतं. आता टॉर्च काढा. कागदावर सरळ धरा: लहान, लख्ख गोल. तिरका धरा: पसरट, फिकट लंबगोल. प्रकाश तेवढाच, पण जास्त जागेवर वाटला गेला. कललेल्या अक्षामुळे वर्षाच्या एका भागात किरण सरळ आणि दिवस मोठा, दुसऱ्या भागात किरण तिरपे आणि दिवस लहान. २३.५ हा आकडा आता सांगितला तर राहील.

इतिहासाबद्दल तक्रार एकच असते: पाठ होत नाही. माझ्या मते गृहपाठात इतिहास पाठ करून घ्यायचाच नसतो, कारणांची साखळी जोडायची असते. ‘पहिल्या महायुद्धाची कारणे लिहा.’ मुलाचं उत्तर: ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून झाला म्हणून. तारीख बरोबर, २८ जून १९१४, सारायेव्हो. मी विचारायचो, “युद्ध पुकारलं कधी?” ऑस्ट्रिया-हंगेरीने सर्बियाविरुद्ध युद्ध पुकारलं २८ जुलैला. “बरोबर एक महिना. या महिन्यात सगळे काय करत होते? आणि खून युवराजाचा झाला, भांडण दोन देशांचं, मग फ्रान्स आणि ब्रिटन का आले?” आता मुलाला धड्यातल्या त्याच पानावर परत जावं लागतं, पण या वेळी काहीतरी शोधत. ते कागदावर बाण काढायला लागतात: ऑस्ट्रिया सर्बियावर, सर्बियाच्या पाठीशी रशिया, ऑस्ट्रियाच्या पाठीशी जर्मनी. १ ऑगस्टला जर्मनीचं रशियाविरुद्ध युद्ध, ३ ला फ्रान्सविरुद्ध, ४ ला जर्मन फौजा बेल्जियममध्ये आणि त्याच दिवशी ब्रिटन युद्धात. यातले बरेच बाण आधीपासून बांधलेल्या दोस्तीच्या तहांचे आहेत, हे दिसलं की ‘तात्कालिक कारण’ आणि ‘मूळ कारणे’ असे दोन मथळे मुलं स्वतःच पाडतात. सनावळ्यांसाठी अशाच साखळीवर खुंट्या ठोकायच्या. व्हर्सायचा तह २८ जून १९१९ चा, म्हणजे खुनाला बरोबर पाच वर्षं झाली त्या दिवशीचा. एक तारीख लक्षात ठेवली की दुसरी फुकट.

भूगोलात मला खरोखर अडवलं ते रेखावृत्तांनी. दुसऱ्या रेखावृत्तावरची वेळ काढताना तास मिळवायचे की वजा करायचे, हे मी स्वतः दर वेळी विसरायचो. शेवटी एका आठवीतल्या मुलीनेच सांगितलं, “सर, सूर्य पूर्वेकडच्यांना आधी दिसतो, म्हणून त्यांचं घड्याळ पुढे.” पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, तासाला १५. शून्य अंशावर दुपारचे १२ असतील तर ७५° पूर्वेला संध्याकाळचे ५, ४५° पश्चिमेला सकाळचे ९. तेव्हापासून मी हा प्रश्न आला की त्या मुलीला हाक मारायचो.

व्याकरण जरा सविस्तर घेतो, कारण ते सगळ्यात वाईट पद्धतीने शिकवलं जातं. ‘प्रयोग ओळखा.’ मुलांना पाठ असतं की कर्त्याला ‘ने’ लागला की कर्मणी. मग “मुलीने भावाला उठवले” हेही कर्मणी लिहितात आणि “मी पुस्तक वाचले” याला ‘ने’ दिसत नाही म्हणून कर्तरी. दोन्ही चूक. व्याख्या पाठ करण्यापेक्षा वाक्य हलवून बघायचं, क्रियापद कोणाच्या मागे जातं ते. “मुलगी पत्र लिहिते.” कर्ता बदला: “मुलगा पत्र लिहितो.” क्रियापद कर्त्यामागे गेलं, कर्तरी. “मुलीने पत्र लिहिले.” कर्ता बदला: “मुलाने पत्र लिहिले.” ढिम्म. आता कर्म बदला: “मुलीने चिठ्ठी लिहिली.” हललं! कर्मणी. “मुलीने भावाला उठवले.” कर्ता बदला, कर्म बदला: “मुलाने बहिणीला उठवले.” क्रियापद कुणालाच दाद देत नाही, भावे. आणि ते “मी पुस्तक वाचले”? “मी कविता वाचली.” कर्मामागे गेलं, कर्मणी. ‘मी’ला तृतीयेत वेगळं रूप नसल्यामुळे ‘ने’ लपलेला असतो. ‘मी’च्या जागी तिसरा माणूस बसवून बघा: “त्याने पुस्तक वाचले” म्हणतो, “तो पुस्तक वाचले” म्हणत नाही. मराठी बोलणाऱ्या मुलाच्या कानाला हे आधीच येत असतं. आपण त्याला कानाचा वापर करू न देता व्याख्या घोकायला लावतो.

निबंध मात्र सांगू नका. एक वाक्यही नाही. तुमचं वाक्य त्याच्या वहीत ओरडून ओळख देतं. “पाऊस” हा विषय असेल तर त्याला विचारा, गेल्या पावसात तुझी कुठली वस्तू भिजली, मग काय केलंस. तो बोलेल ते त्याच्याच शब्दांत लिहायला लावा. पाच वाक्यं झाली तरी चालतील.

एक सावधगिरी आपल्यासाठी. आपण शाळेत शिकलो ते सगळं आज खरं नाही. ग्रह नऊ म्हणून तुम्ही बिनधास्त सांगाल, पण २४ ऑगस्ट २००६ ला आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने प्लूटोला बटुग्रह ठरवलं. तेव्हापासून ग्रह आठ. जिभेचा तो नकाशा, टोकाला गोड आणि मागे कडू, हाही चुकीचा आहे. सगळ्या चवी जिभेवर सगळीकडे कळतात. १ ही मूळ संख्या नाही, हे सांगताना अजूनही कितीतरी मोठी माणसं अडखळतात. म्हणून खात्री नसेल तिथे आधी मुलाचं पुस्तक उघडा, आपली आठवण नंतर.

पुस्तकातच घोळ असेल तर? होतं असं. विजेच्या दिव्याचा शोध कोणी लावला, याचं एका शब्दात उत्तर एडिसन, १८७९. पण ब्रिटनमध्ये जोसेफ स्वान त्याच सुमारास तेच करत होता, आणि दोघांच्याही आधी कित्येकांनी दिवे पेटवून बघितले होते. मी मुलांना सांगायचो, रिकाम्या जागेत एडिसन लिही, आणि वहीच्या समासात पेन्सिलीने स्वान लिहून ठेव. गुणांसाठीचं उत्तर आणि खरी गोष्ट यांत कधीकधी अंतर असतं, हे पाचवी-सहावीच्या मुलाला कळतं. त्यात त्याचा गोंधळ होत नाही, उलट मजा वाटते.

पुस्तकामागच्या उत्तरसूचीतल्या छापील चुकांशी मात्र भांडत बसू नका. तीनदा केलं, दोघांनी वेगवेगळं केलं, तरी तेच येतंय, तर आपलं उत्तर लिहा आणि शाळेत बाईंना दाखवायला सांगा.

मोबाइलवर प्रश्नाचा फोटो काढला की पायऱ्यांसकट उत्तर मिळतं, आणि मोठी मुलं ते काढणारच. माझा त्यावर राग नाही. ते उत्तर वहीत दिसलं की मी मधल्या दोन ओळींवर बोट ठेवतो: “इथून इथे कसा गेलास?” सांगता आलं तर ठीक, उत्तर त्याचंच. नाही आलं तर मोबाइल उलटा ठेवायचा, आकडे बदलायचे आणि पुन्हा.

आता दहा-बारा जणांना एकट्याने कसं सांभाळायचं? पहिली पंधरा मिनिटं कोणीही काही विचारायचं नाही. अडलं तिथे समासात पेन्सिलीने टिंब द्यायचं आणि पुढच्या प्रश्नाला जायचं. पंधरा मिनिटांनी निम्मी टिंबं पुसलेली असतात, कारण पुढचा प्रश्न सोडवताना मागचा सुटतो. (या एका कामासाठी मी खोडरबरला परवानगी देत असे.) मग मी टिंबंच बघत फिरायचो, प्रश्न ऐकत नव्हतो. पाचवीच्या मुलाचं टिंब सातवीच्या मुलीकडे द्यायचं, पण तिला एक अट: पेन्सिल त्याच्या हातात राहील, तुझ्या नाही. आणि मी एक छोटी वही ठेवायचो, त्यात मुलाचं नाव न लिहिता फक्त अडलेली जागा. दोन महिन्यांत कळलं की शंभर प्रश्नांच्या मुळाशी जागा फार तर पंधरा-वीस. समच्छेद, ऋण चिन्ह कंसाबाहेर काढणं, एककं, कारण आणि परिणाम यांची अदलाबदल, ‘मी’चा प्रयोग. तुम्हाला सगळे विषय यायला नकोत, या वीस जागा यायला हव्यात. त्या सहा महिन्यांत येतात.

दहावीच्या मुलाने तुम्हाला अजिबात न येणारं काही आणलं, समजा x² − ५x + ६ = ० हे वर्गसमीकरण, तर त्याच्याच पुस्तकातलं सोडवलेलं उदाहरण उघडा आणि म्हणा, “हे मला समजावून सांग, एकेक ओळ. मला खरंच येत नाही.” तो वाचत जातो. पहिल्या दोन ओळी झरझर. मग मधल्या पदातल्या −५ चे −२ आणि −३ असे दोन तुकडे पडतात, आणि तिथे त्याचा आवाज बारीक होतो. “हे असं का?” म्हणून विचारा. “पुस्तकात तसंच दिलंय.” तुम्हालाही माहीत नसेल, काही बिघडत नाही. “−१ आणि −४ का नाही घेतले? त्यांचीही बेरीज −५ च होते,” एवढंच विचारा आणि गप्प बसा. तो शेवटच्या पदातल्या ६ कडे बघेल, मग पुन्हा तुकड्यांकडे, आणि पेन्सिल उचलून कोपऱ्यात २ × ३ लिहील.